रोड बाइकची फ्रेम : मटेरियल आणि निवड

रोड बाइकची फ्रेम : डांबरी रस्त्यावर वेगात चालवायच्या, ड्रॉपबारवाल्या (खाली वळलेल्या हँडलच्या) सायकलचा सांगाडा. मराठीत चौकट हाही शब्द आहे, पण सायकलवाल्याच्या तोंडी फ्रेमच, आणि पुढचं चाक धरणारा भाग म्हणजे चिमटा. वरची आडवी नळी म्हणजे आपली दांडी, जिच्यावर पुढे बसून अर्ध्या महाराष्ट्राने शाळा गाठली. ठाणे-नवी मुंबईत नवी रोड बाइक घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो मटेरियलचा : अॅल्युमिनियम घेऊ की कार्बन, आणि स्टील अजून कोणी घेतं का? खरं तर हा प्रश्न दुसरा किंवा तिसरा असायला हवा, पण नोंद त्याचीच आहे म्हणून आधी तेच.

दोन त्रिकोण जोडून केलेला आजचा आकार नक्की कोणाचा यावर एकमत नाही. श्रेय सहसा जॉन केम्प स्टार्लीच्या १८८५ च्या रोव्हर सायकलला देतात, पण त्या पहिल्या रोव्हरचा सांगाडा आजच्यासारखा नव्हता. १८९० च्या आसपास हंबर आणि इतर इंग्लिश कारखान्यांतून हा आकार हळूहळू पक्का होत गेला हे मत जास्त पटतं. त्यानंतर सव्वाशे वर्षं आकार जवळपास तोच राहिला, बदललं ते मटेरियल.

स्टील. याचा इतिहास म्हणजे बराचसा नळ्यांचा इतिहास. बर्मिंगहॅमच्या खिळे बनवणाऱ्या घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये बटेड नळीचं पेटंट घेतलं, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ नळी. जोड टोकांना येतो, ताण तिथे जास्त, मग मध्ये उगाच वजन कशाला. चांगल्या स्टीलच्या नळीची जाडी टोकाला ०.८ आणि मध्ये ०.५ मिमी अशी असू शकते. बोटाने टिचकी मारत मारत गेलं तर मध्ये आवाज बदलतो, हा खेळ करून बघण्यासारखा आहे. रेनॉल्ड्सची ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनम स्टीलची नळी १९३५ मध्ये आली आणि पुढची कित्येक वर्षं रेसिंग फ्रेम म्हटलं की ५३१. (उच्चार फाइव्ह-थ्री-वन, पाचशे एकतीस म्हटलं की जुने लोक वळून बघतात.) या आकड्याचा अर्थ काय यावर बरंच लिहिलं गेलंय. नेहमीचं स्पष्टीकरण असं की मिश्रधातूतल्या मुख्य घटकांचं प्रमाण ५:३:१. पण या स्टीलच्या घटकांची जी टक्केवारी सहसा दिली जाते त्यात मँगनीज साधारण दीड टक्का, कार्बन ०.३५ च्या आसपास आणि मॉलिब्डेनम पाव टक्का, आणि यांचं प्रमाण कसंही मांडलं तरी ५:३:१ येत नाही. त्यामुळे हे स्पष्टीकरण नावाला मागाहून चिकटवलेलं असावं असं वाटतं. इटलीत कोलंबस कंपनीची नळी ही तिची जोडीदार आणि प्रतिस्पर्धी. आज बाजारात क्रोमोली म्हणून जे स्टील मिळतं ते बहुतेक वेळा ४१३० नंबरचं, क्रोमियम-मॉलिब्डेनमवालं. १९९५ च्या सुमाराची रेनॉल्ड्स ८५३ वेगळी अशी की वेल्ड करून हवेत थंड होताना जोडाजवळ ती कमजोर न होता उलट कडक होते.

आपल्या काळ्या घोड्याची, म्हणजे दूधवाल्याच्या सायकलची फ्रेमही स्टीलचीच, पण साधी जाड नळी, लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या धातूच्या खोबणीत) बसवून पितळेने जोडलेली. चिमटा वाकला तर कोपऱ्यावरचा गॅस वेल्डिंगवाला तापवून सरळ करून द्यायचा. ही सोय क्रोमोलीलाही बऱ्यापैकी आहे, बाकीच्यांना नाही.

अॅल्युमिनियम. १८८६ मध्ये हॉल आणि हेरू या दोघांनी वेगवेगळं काम करून अॅल्युमिनियम स्वस्तात काढायची पद्धत शोधली आणि दहा वर्षांच्या आत अॅल्युमिनियमच्या सायकली आल्यासुद्धा. त्यातली अमेरिकेतली ल्यू-मी-नम नावाची ओतीव फ्रेम सेंट लुईसच्या ज्या कंपनीने काढली तिचा मूळ धंदा रेफ्रिजरेटर आणि लाकडी पन्हळींचा होता. ते काही टिकलं नाही. खरी सुरुवात १९७० च्या दशकात, इटलीची अॅलन आणि नंतर फ्रान्सची व्हिटस ९७९, दोन्हींत नळ्या वेल्ड न करता चिकटवलेल्या. पण नळ्या स्टीलइतक्याच बारीक ठेवल्या होत्या त्यामुळे ताकदीच्या माणसाखाली फ्रेम लवायची, शर्यतपटू शॉन केली तरीही व्हिटसच चालवून शर्यती जिंकत होता ही गोष्ट वेगळी.

बारीक नळी का लवते आणि जाडजूड का लवत नाही हे कळलं की निम्मा मटेरियलवाद संपतो. स्टीलचा ताठरपणा साधारण २०० गिगापास्कल (हे ताठरपणाचं एकक), टायटॅनियमचा १०५, अॅल्युमिनियमचा ७०. घनता घन सेंटीमीटरला अनुक्रमे ७.८५, ४.५ आणि २.७ ग्रॅम. आता ताठरपणाला घनतेने भागा : तिघांचंही उत्तर २३ ते २६ मध्ये येतं. म्हणजे वजनाच्या हिशोबाने तिन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठ, निसर्गाने फुकट काही दिलेलं नाही. फरक पडतो तो भूमितीने. पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनानुसार वाढतो, तीच जाडी ठेवून व्यास दुप्पट केला तर ताठरपणा आठपट आणि वजन फक्त दुप्पट. स्टीलची नळी तेवढी फुगवायची तर भिंत इतकी पातळ करावी लागते की कोकच्या डब्यासारखी चेपेल. अॅल्युमिनियम हलकं असल्याने भिंत जाड ठेवूनही फुगवता येतं. हे ओळखून जाड नळ्यांची फ्रेम बाजारात आणण्याचं श्रेय गॅरी क्लाइनला देतात, त्याचं काम एमआयटी या अमेरिकन तंत्रविद्यापीठात विद्यार्थी असताना सत्तरीच्या सुरुवातीला सुरू झालं; मात्र त्याच सुमारास तिथे इतरांनीही अशा फ्रेम केल्या होत्या, त्यामुळे कल्पना एकट्याची नसावी. कॅननडेल या अमेरिकन कंपनीने १९८३ मध्ये अशीच जाड नळ्यांची सायकल काढून तिला घराघरात नेलं.

आज लाखाच्या आतली रोड बाइक बहुधा अॅल्युमिनियमचीच असते. स्टिकरवर ६०६१ लिहिलं असेल तर त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉन, वेल्डनंतर फ्रेम भट्टीत तापवून झटकन थंड करून पुन्हा मुरवावी, म्हणजे मंद उष्णतेत ठेवून कडक करावी लागते. ७००५ मध्ये जस्त, तिला नुसतं मुरवलं तरी चालतं. दुकानदार ७००५ म्हणजे वरचा नंबर म्हणून भारी असं सांगतो त्यात अर्थ नाही.

टायटॅनियम. नावाला दबदबा, रस्त्यावर क्वचित. सत्तरीच्या पहिल्या निम्म्यात इंग्लंडची स्पीडवेल आणि अमेरिकेची टेलिडाइन या फ्रेम आल्या, टेलिडाइनची तर शुद्ध टायटॅनियमची, त्यामुळे मऊ. जम बसला ऐंशीच्या दशकात, ३ टक्के अॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियमची नळी वापरल्यावर. ही नळी मुळात विमानांच्या हायड्रॉलिक लाइनसाठी केलेली. वेल्ड करताना आतून बाहेरून आर्गॉन वायू सोडावा लागतो, हवा लागली की जोड ठिसूळ. जोड चंदेरी किंवा फिकट पिवळा असेल तर ठीक, निळा-जांभळा दिसला तर शंका घ्यावी. गंजत नाही हा याचा मोठा गुण, खाडीकाठच्या माणसाला तो कळावा. (याचं खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे, पण वाळूपासून नळीपर्यंतचा रस्ता लांबचा.)

कार्बन. हा धातू नाही, इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवलेले धागे. धागा ज्या दिशेला त्या दिशेला अफाट ताठ, आडवा मात्र कमजोर, म्हणून कापडाचे तुकडे वेगवेगळ्या कोनात एकावर एक लावतात आणि फ्रेमचा स्वभाव या थरांच्या रचनेवर ठरतो. त्यामुळे "कार्बन कसा वाटतो?" हा प्रश्न "भाजी कशी लागते?" इतकाच मोघम आहे. एक्सॉन या तेल कंपनीच्या ग्राफटेक फ्रेम सत्तरीच्या मध्यात आल्या, त्यात कार्बनच्या नळ्या धातूच्या लगमध्ये चिकटवलेल्या. साच्यातून काढलेली पूर्ण कार्बन फ्रेम म्हणून १९८६ च्या केस्ट्रेल ४००० चं नाव घेतात आणि त्याच वर्षी अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लेमाँडने लुक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. लगेच सगळे कार्बनवर गेले असं मात्र नाही. स्टीलवर जिंकलेली शेवटची टूर इंदुराइन या शर्यतपटूची १९९४ ची असं बहुतेक जण मानतात, अॅल्युमिनियमवरची शेवटची पंतानी या शर्यतपटूची १९९८ ची. २००० पासून यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने शर्यतीच्या सायकलला किमान ६.८ किलोची अट घातली, आज चांगल्या कार्बन फ्रेमवर ती सहज गाठता येते आणि कधी कधी वजन वाढवावं लागतं.

नुसत्या फ्रेमचं वजन ढोबळमानाने कार्बन ७०० ते १२०० ग्रॅम, अॅल्युमिनियम ११०० ते १६००, टायटॅनियम १३०० ते १७००, स्टील १७०० ते २२००. म्हणजे स्वस्त कार्बन आणि चांगलं अॅल्युमिनियम यांत दोन वडापावांचा फरक, तोही कधी उलटा.

आरामाचा वाद. स्टील जिवंत, अॅल्युमिनियम दणके देतं, कार्बन मऊ, टायटॅनियम जादू, ही चार वाक्यं प्रत्येक सायकलवाला म्हणतो. दुसरं मत असं की दोन त्रिकोणांची फ्रेम उभ्या दिशेने फार थोडी दबते, टायर मात्र कित्येक मिलिमीटर, आणि सीटपोस्ट (गादीचा खांब) व गादीही फ्रेमपेक्षा जास्त. आकडे या दुसऱ्या मताच्या बाजूने आहेत आणि ही नोंदही तिकडेच झुकते. ऐंशी-नव्वदीतल्या अॅल्युमिनियम फ्रेमबरोबर २३ मिमीचे टायर ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेने टणक करून चालवायचे, दणके त्यातून आले आणि बदनामी धातूची झाली. त्याच फ्रेमला २८ किंवा ३२ चे टायर आणि मध्यम वजनाच्या माणसाला ७०-७५ पीएसआय हवा दिली की गायमुखच्या खड्ड्यांतही दात वाजत नाहीत. म्हणून घोडबंदर रोडवर रोज जाणाऱ्याने मटेरियल विचारण्याआधी फ्रेमला आणि चिमट्याला किती रुंद टायर बसतो ते विचारावं, आणि त्याच्याही आधी साइझ, म्हणजे स्टॅक आणि रीचचे (फ्रेमची उंची आणि पुढची पोहोच) आकडे आपल्याला जमतात का. पाम बीच रोडसारखा सपाट रस्ता असेल तर हा मुद्दा थोडा सैल होतो, येऊरच्या चढाला वजनाचा मुद्दा थोडा घट्ट होतो, पण चढावर फ्रेमच्या ३०० ग्रॅमपेक्षा पोटाचे तीन किलो जास्त बोलतात.

टिकाऊपणा. पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने धातू थकतो; स्टील आणि टायटॅनियमला या थकव्याची मर्यादा असते, ताण तिच्या खाली राहिला तर तडा जात नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, छोटा ताणही जमा होत जातो. यावरून अॅल्युमिनियम लवकर मोडतं असा निष्कर्ष काढतात तो घाईचा आहे, कारण डिझाइन करणारा हे धरूनच जास्त माल घालतो. नव्वदीच्या शेवटाकडे जर्मनीतल्या एका सायकल मासिकाने यंत्रावर फ्रेम थकवून पाहिल्या तेव्हा टिकून राहिलेल्यांत अॅल्युमिनियम आणि कार्बनच्या होत्या आणि स्टीलच्या मोडल्या.

खारी हवा. पाठ्यपुस्तकांत हा भाग ओळीभराचा असतो पण ऐरोली पूल, वाशीची खाडी आणि उरणकडचा रस्ता नेहमीचा असेल तर तो लांबवायला हवा. स्टील आतून गंजतं, नळ्यांत पाणी शिरून खाली बॉटम ब्रॅकेटपाशी (पॅडलचा आस बसतो तिथे) साचतं, म्हणून आतून तेलकट संरक्षक फवारा मारून घ्यावा आणि खालचं भोक बुजलेलं नाही ना ते पावसाळ्यात बघावं. अॅल्युमिनियम लाल गंजत नाही पण पांढरी पूड धरतं. कार्बन स्वतः गंजत नाही, शेजाऱ्याला गंजवतं : कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये मिठाचं पाणी आलं की बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. घामही मीठच.

प्रस्तुत लेखकाची स्टीलची फ्रेम आणि अॅल्युमिनियमची सीटपोस्ट दोन पावसाळे ग्रीस न लावता राहिली. ऑक्टोबरात उंची बदलायला गेलो तर हलेना. ठाण्यातल्या दुकानात सीटपोस्टचं डोकं शिकंज्यात धरून दोघांनी फ्रेमच दांडपट्ट्यासारखी फिरवली, अमोनिया सोडून रात्रभर ठेवलं, शेवटी सकाळी कर्रर्र आवाज करत निघाली आणि तिच्यावर मिठागरासारखा पांढरा थर. चूक सर्वस्वी माझी, ग्रीसची डबी घरात होती. धातूला धातू असेल तर ग्रीस, कार्बनला कार्बन पेस्ट, आणि कार्बनचे बोल्ट टॉर्क पान्याने (किती घट्ट झालं ते दाखवणाऱ्या), त्यावर छापलेल्या आकड्याइतकेच, बरेचदा ५ न्यूटन-मीटर.

इतर मटेरियल. बांबूच्या सायकली लंडनच्या प्रदर्शनात १८९४ मध्येच आल्या होत्या, हल्ली पुण्यातही होतात. मॅग्नेशियमची ओतीव फ्रेम ऐंशीच्या शेवटी इंग्लंडमध्ये निघाली आणि बंद पडली.

सेकंडहँड घेताना. धातूची फ्रेम असेल तर हेड ट्यूबच्या (चिमटा जिच्यात बसतो त्या पुढच्या आखूड नळीच्या) खाली रंगाला बारीक सुरकुती किंवा तडा आहे का बघावं, समोरून धडकलेली फ्रेम तिथेच बोलते. कार्बनवर रुपयाचं नाणं टकटक करत न्यावं, टणक आवाज मध्येच बद्द झाला तर आत थर सुटलेला असू शकतो. पण नळीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून डाव्या बाजूची उजवीशी तुलना करावी. आणि मालक कितीही गोड बोलला तरी पैसे देण्याआधी सीटपोस्ट त्याच्यासमोर पूर्ण बाहेर काढून घ्यावी.