1440 चा मॉनिटर 1080 वरच का अडतो : पार्श्वभूमी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कन्व्हर्टर मागताना गिऱ्हाईक दोन टोकं सांगतं : इकडे डिस्प्लेपोर्ट, तिकडे एचडीएमआय. घरी 2560×1440 चा मॉनिटर जोडला की रिझोल्यूशनची यादी 1920×1080 लाच संपते. संशय ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जातो आणि तो काढून पुन्हा टाकण्यात संध्याकाळ जाते. बऱ्याचदा गोम कन्व्हर्टरच्या पिढीत असते.

1987 च्या व्हीजीएच्या (जुन्या अ‍ॅनालॉग जोडणीच्या) काळात वेग वाढवला की चित्र धूसर व्हायचं, एवढंच. 1999 च्या डीव्हीआय या डिजिटल जोडणीने 165 मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 16.5 कोटी पिक्सेलच्या वेगाची, रेषा आखली. एका लिंकवर (तारांच्या एका संचावर) 1920×1200, 60 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं. 2002 चं पहिलं एचडीएमआयही तोच आकडा घेऊन आलं.

2006 मध्ये डिस्प्लेपोर्ट आला आणि पुढे याच पोर्टमधून एचडीएमआयचा सिग्नल काढायची सोयही झाली. त्यामुळे स्वस्त पॅसिव्ह कन्व्हर्टरला सिग्नल बदलावा लागत नाही. तो फक्त व्होल्टेजची पातळी जुळवतो. हे पहिल्या प्रकारचे कन्व्हर्टर 165 पर्यंतचेच. 2006 मध्येच एचडीएमआय 340 वर पोहोचलं होतं, आणि 1440 ला 60 हर्ट्झवर साधारण 241 लागतात. 2013 मध्ये 300 मेगाहर्ट्झचा दुसरा प्रकार आला. त्यात कन्व्हर्टरची ओळख नोंदवलेली असते आणि ड्रायव्हर ती वाचतो. जो ओळख देत नाही त्याला जुना समजायचं आणि 165 वर थांबायचं, असं ठरलं.

वाद या नियमाचा आहे. बाजू घेणारे म्हणतात, लुकलुकणाऱ्या किंवा काळ्या पडद्यापेक्षा कमी रिझोल्यूशन बरं. ते खरंच आहे. पण मॉनिटर स्वतःची माहिती बरोबर पाठवत असतो, त्यात 1440 असतं, आणि ड्रायव्हर ते न सांगता यादीतून गाळतो. 'कन्व्हर्टरमुळे मर्यादा' एवढी एक ओळ पडद्यावर आली असती तर कित्येकांची मॉनिटर बदलून आणायची पायपीट वाचली असती. मर्यादा घालणं योग्य होतं, ती लपवणं नाही.

प्रोसेसर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी 2015 पर्यंत व्हीजीए सोडण्याचं 2010 मध्ये जाहीर केलं. फोर्टातल्या एखाद्या ऑफिसात जुना व्हीजीए मॉनिटर नव्या मिनी पीसीला जोडायचा तर सिग्नल स्वतः बदलणारा, चिपवाला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, तो याचमुळे. एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरकडे जायचं असेल तरी अ‍ॅक्टिव्हच हवा. पॅसिव्ह उलटा लावून चालत नाही. 2021 मध्ये तर एचडीएमआय 2.0 हे नावच 2.1 मध्ये मुरलं आणि वरचा वेग ऐच्छिक राहिला, म्हणजे खोक्यावरच्या 2.1 वरून वेग कळत नाही.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी कस्टम रिझोल्यूशनमध्ये 2560×1440 ला 30 हर्ट्झ देऊन पाहावं. रिड्यूस्ड ब्लँकिंगवर (चित्रांमधला रिकामा वेळ कमी केल्यावर) ते 165 च्या आत बसतं. चित्र आलं तर अडचण वेगाची. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर सरळ डिस्प्लेपोर्टची केबल घ्यावी.