डोळा वाचल्यानंतरची देखरेख : एमआरआयची पार्श्वभूमी

डोळ्यात मेलॅनोमाची (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची) गाठ आढळली की डोळा काढून टाकणे, हाच विसाव्या शतकात दीर्घकाळ रूढ उपचार होता. डोळा न काढता किरणांनी गाठ मारण्यासाठी लंडनमध्ये फॉस्टर मूर या डॉक्टरांनी १९३०च्या सुमारास गाठीत रेडॉन या किरणोत्सारी वायूचे कण बसवले. पुढे स्टॅलर्ड यांनी कोबाल्टच्या, तर जर्मनीत लोमाच यांनी रुथेनियमच्या, डोळ्याला बाहेरून लावायच्या किरणोत्सारी चकत्या वापरल्या. बोस्टनमध्ये १९७५पासून प्रोटॉन किरण वापरले जाऊ लागले. तरीही डोळा राखल्यास रुग्ण तितकाच जगेल का, ही शंका होतीच. मध्यम आकाराच्या मेलॅनोमात आयोडीन-१२५ची चकती लावलेले रुग्ण डोळा काढलेल्यांइतकेच जगतात, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने २००१ मध्ये दाखवले, तेव्हा ती बरीचशी मिटली.

डोळा वाचला, पण किरणांचा परिणाम संपत नाही. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातील पडद्याच्या, बारीक रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस यांची हानी अनेकदा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी उघड होते. पडदा सुटतो, काचबिंदू होतो, डोळ्यात रक्तस्राव होतो. तपासणीची मुख्य साधने आजही सोनोग्राफी आणि डोळ्यात प्रकाश टाकून घेतलेल्या प्रतिमा हीच आहेत. मात्र रक्ताने किंवा मोतीबिंदूने वाट अडली की प्रकाश आत पोहोचत नाही, आणि डोळ्यामागची नस सोनोग्राफीत पुरेशी दिसत नाही. इथे एमआरआयचे, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या आतली प्रतिमा घेणाऱ्या तपासणीचे, खरे मोल आहे. मेलॅनिन (गाठीतील काळे रंगद्रव्य) आणि काही दिवसांचे जुने रक्त दोन्ही टी-१ या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत उजळ दिसतात. पण गॅडोलिनियम या प्रतिमा उजळवणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन दिल्यावर जिवंत गाठ आणखी उजळते, रक्ताची गुठळी उजळत नाही. हानी झालेली नसही याच द्रव्यामुळे उठून दिसते. नजर क्षणभर हलली तरी प्रतिमा बिघडते, त्यामुळे हे तंत्र डोळ्यासाठी विश्वासार्ह होण्यास डोळ्यावर ठेवायची, संकेत टिपणारी लहान कॉइल आणि अधिक शक्तिशाली चुंबक यांची वाट पाहावी लागली.

या इतिहासाचा एक धागा कोकण किनाऱ्यापर्यंत येतो. मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ची देशी चकती तयार केली आणि ती २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये वापरली गेली. रायगड जिल्ह्यात खारघरला २०२३ मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले. मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा रुग्ण मुंबईत उपचार घेऊन गावी परततो आणि गुंतागुंत वर्षा-दोन वर्षांनी तिथेच डोके वर काढते. त्या वेळी जवळच्या केंद्रातील डॉक्टरांना नवी छाया किरणांची आहे की वाढत्या गाठीची, हे ठरवायचे असते आणि जुन्या प्रतिमा, उपचाराची तारीख व गाठीची नेमकी जागा यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय ते सहसा ठरवता येत नाही. हे कागद रुग्णासोबत गावी गेलेच पाहिजेत.