टॅपेट गप्प झाले आणि गाडी मिसिंग मारायला लागली

माझ्या मामाची एक छोटी पेट्रोल पिकअप आहे, चार सिलेंडरची. रात्री मंचरहून भाजी भरून पुण्याच्या मार्केटयार्डात आणि सकाळी रिकामी परत, रोजचं ठरलेलं. मामानं तिला नंतर बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं, मागे पाटे वाढवले, हौद्याला उंच जाळी केली. काही वर्षं मस्त चालली आणि मग मिसिंग सुरू झालं ते काही केल्या थांबेना. चार महिन्यांत ठिणगी पाडणारे प्लग झाले, त्यांना व्होल्टेज देणारी कॉइल झाली, किटचं ट्यूनिंग दोनदा झालं. शेवटी कारण सापडलं तेव्हा मला वाटलं हे लिहायलाच पाहिजे, कारण यात खूप सुंदर फिजिक्स आहे.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलेंडरमधे पेटायला हवं तेव्हा पेटत नाही, किंवा अर्धवट पेटतं. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो, म्हणजे ३००० आरपीएमला एक सिलेंडर सेकंदाला २५ वेळा, चार मिळून १००. त्यातला एक सिलेंडर बसला की इंजिन लंगडतं. पेटायला तीन गोष्टी लागतात, इंधन आणि हवेचं बरोबर प्रमाण, दणकट ठिणगी, आणि घट्ट दाबलेली हवा. गॅरेजमधे पहिल्या दोनवरच सगळे तुटून पडतात कारण ते पार्ट पटकन बदलता येतात, तिसरीकडे बघायला वेळ लागतो म्हणून ती राहून जाते.

आता ठिणगीचं बघा. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला किती व्होल्ट लागतील हे फट आणि दाब यांच्या गुणाकारावर ठरतं, हे पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मधे दाखवलं. बाहेरच्या साध्या हवेत एक मिलिमीटरला साधारण ३००० व्होल्ट पुरतात, पण सिलेंडरमधे हवा कित्येक पट दाबलेली असते त्यामुळे तिथं मागणी हजारोंनी वाढते. चढाला माल भरलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हवा जास्त भरते, दाब अजून वाढतो, आणि सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून कमजोर कॉइल किंवा झिजून फट वाढलेला प्लग सपाटीला गुपचूप काम करतो आणि घाटात उघडा पडतो. मामाची गाडी घाटात झटके द्यायची आणि उभी असतानाही थरथरायची, नवीन प्लग फट थोडी कमी करून ०.८ मिमीवर बसवले आणि घाटातला त्रास खरंच गेला. पण उभ्या गाडीचं थरथरणं तसंच.

स्कॅनर लावला की कोड यायचा पी०३०२, म्हणजे दोन नंबर सिलेंडर मिसिंग. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हे कळतं कसं तर क्रँकवर दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले, सेन्सर एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंतचा वेळ मोजतो. ८०० आरपीएमला हा वेळ साधारण सव्वा मिलिसेकंद. सिलेंडर पेटला नाही की क्रँक तेवढ्यापुरता किंचित रेंगाळतो, आणि तो रेंगाळलेला क्षण ईसीयू पकडतो. मला हे कितीही वेळा वाचलं तरी भारी वाटतं. पण लक्षात घ्या, कोड फक्त कुठं ते सांगतो, का ते सांगत नाही, आणि इथंच लोक कोड बघून सरळ कॉइल विकत आणतात.

त्यापेक्षा दोन नंबरची कॉइल चार नंबरला लावून बघायची. कोड पी०३०४ झाला तर कॉइल खराब, दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मामाच्या गाडीत दोनवरच राहिला, प्लग अदलाबदल करूनही तसाच. मग आम्ही किटचा स्विच दाबून गाडी नुसत्या पेट्रोलवर चालवली. पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे, त्यामुळे दोन्ही इंधनांवर तोच सिलेंडर मिस मारत असेल तर दोन्ही बाजूंचे इंजेक्टर एकाच वेळी बिघडलेत असं मानायला काही अर्थ नाही. मिसिंग दोन्हीवर होतं. किटवाला सुटला, आणि एका स्विचनं हजारो रुपये वाचले!

अजून एक खूण होती. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थरथर, पण स्पीड धरला की बरीच गुळगुळीत. दाब गळत असेल तर असंच होतं, कारण इंजिन हळू फिरताना हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो. म्हणून सिलेंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. एक, तीन, चार नंबर १७५ पौंडांच्या आसपास, दोन नंबर फक्त ९५. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, काटा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट भरून दाब वाढला असता, म्हणजे गळती वर हेडमधे, सिलेंडरच्या झाकणात. पिस्टन वर आणून हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील असं धरलं, कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि सायलेन्सरला कान लावला, तर आतून सुस्स आवाज. गळत होता तो धूर सोडणारा, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह आणि तो दाबून उघडणारा कॅम यांच्यामधे थोडी फट ठेवलेली असते, एक्झॉस्टला साधारण ०.३ मिमी, गॅरेजमधे टॅपेट म्हणतात ती हीच, तिचाच तो टक टक आवाज. दोन नंबरला फट मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पानसुद्धा आत जाईना. मामा म्हणाला, हल्ली इंजिन किती शांत झालंय असं मीच सगळ्यांना सांगत होतो. झालं असं की व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, सेकंदाला वीस पंचवीस वेळा आपटत असतो. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटवर बसून मऊ थर द्यायचं, भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसं बंद झालं आणि कंपन्या कडक सीट वापरायला लागल्या. पण सीएनजी पूर्ण कोरडा, थेंबसुद्धा नाही, त्यामुळे पेट्रोलसाठी बनवलेल्या हेडची सीट त्यावर लवकर झिजू शकते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमधे वर सरकतो, त्याची दांडी कॅमकडे जाते, फट कमी होत होत शून्य, आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही.

नुसती गळती असती तरी ठीक होतं, पण ७००-८०० डिग्रीला तापणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकलेला असतानाच हेडला देतो आणि थंड होतो. टेकणंच बंद झालं तर तो थंड व्हायचा कसा. कडा जळते, गळती वाढते, ती गरम वायू घेऊन कडा अजून जाळते. आमच्या मेस्त्रीनं टॅपेट सेट करून बघितलं तेव्हा दाब १३० वर आला आणि तिथंच थांबला, म्हणून हेड उतरवलं, तर व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून गेलेला. नवीन व्हॉल्व्ह, कडक सीटा, आणि चारही सिलेंडरची फट नव्यानं बांधली. एक उशीर मात्र नडला, इतके महिने न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन पेटत होतं, आतली चिनीमातीची जाळी एका बाजूनं वितळली होती, ती पण बदलावी लागली.

मामा आता ऑइल बदलताना दरवेळी टॅपेट कव्हर उघडून गेज घालायला लावतो आणि वहीत आकडा लिहितो. मागच्या वेळी दोन नंबरला ०.३० होतं, यावेळी ०.२८.