पार्श्वभूमी : स्वीडिश लोक एवढे घराबाहेर का असतात?

फेब्रुवारीतल्या रविवारी स्टॉकहोमच्या आसपासच्या जंगलात गेलात, तर शून्याखाली तापमान असतानाही ओंडक्यांवर बसून डबा खाणारी कुटुंबं दिसतील. थर्मासमध्ये कॉफी, दालचिनीचे गोड पाव, संत्री आणि बर्फावर बसताना खालून गार लागू नये म्हणून फोमचा एक चौकोनी तुकडा. या तुकड्यावाचून शाळेची सहलही निघत नाही. असं घराबाहेर राहण्याला स्वीडिश लोक 'फ्रीलुफ्ट्सलीव' म्हणतात. त्यात स्पर्धा नाही, शिखर सर करण्याची जिद्द नाही. नुसतं बाहेर असायचं.

'निसर्ग त्यांच्या रक्तातच आहे' हे पर्यटनाच्या जाहिरातींतलं वाक्य मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळपास नव्वद टक्के स्वीडिश माणसं खेड्यांत राहत होती आणि जंगल म्हणजे सरपण, गुरं, कष्ट. तिथे हौसेनं जायचं खूळ शहरी सुशिक्षितांचं. १८८५ मध्ये उप्सालात पर्यटन संघटना निघाली, 'आपला देश ओळखा' हे तिचं ब्रीद. १८९२ मध्ये स्कीइंगच्या प्रसारासाठी दुसरी संघटना आली, तीच आजची 'फ्रीलुफ्ट्सफ्रेमयांदेत'. १९०९ मध्ये स्वीडननं एकदम नऊ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, युरोपातली पहिलीच. त्यांतलं उत्तरेचं सारेक 'अस्पर्श निसर्ग' म्हणून मिरवलं गेलं. सामी लोक, म्हणजे उत्तरेकडचे मूळ रहिवासी, तिथे पिढ्यान्‌पिढ्या रेनडियर चारत होते, हे त्या वर्णनात सोयीस्करपणे गळालं.

मजूर वर्ग या चित्रात शिरला तो १९३८ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्यानं कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. रजा मिळाली, पण जायचं कुठे? चांगले किनारे श्रीमंतांच्या उन्हाळी बंगल्यांनी अडवत आणले होते. सरकारी समित्या बसल्या, अहवाल निघाले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला किनाऱ्यांवरच्या बांधकामाला लगाम घालणारा कायदा आला. आज समुद्र असो वा तळं, काठापासून साधारण शंभर मीटरपर्यंत मनाला येईल तसं बांधता येत नाही.

'आल्लेमान्सरेत', म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरूनही फिरण्याचा सर्वांचा हक्क, याच काळात लोकांच्या तोंडी रुळला. गंमत अशी, की या हक्काचा सविस्तर कायदाच नाही. १९९४ मध्ये तो राज्यघटनेत आला, पण एका वाक्यापुरता. नेमकं काय चालतं, ते घटना सांगत नाही. बराचसा हक्क काढावा लागतो तो कायद्यानं काय वगळलं आहे त्यावरून. दंडसंहितेत दुसऱ्याच्या जंगलातून काय न्यायचं नाही याची यादी आहे : उभी झाडं, फांद्या, साल, पानं, ओकची फळं, कठीण कवचाची फळं, डिंकासारखी राळ. त्या यादीत रानबेरी नाहीत आणि अळंबीही नाहीत. म्हणून ऑगस्टमध्ये कोणीही बादली घेऊन परक्याच्या रानात ब्लूबेरी तोडतो. घराच्या अंगणात मात्र शिरायचं नाही, पेरलेलं शेत तुडवायचं नाही.

हिवाळ्याची गोष्ट आणखी न्यारी. १९४० मध्ये युद्धामुळे इंधनाची टंचाई झाली. शाळा तापवायला लागणारा कोक, म्हणजे दगडी कोळशापासून बनणारं इंधन, वाचवावा म्हणून फेब्रुवारीत शाळांना सुट्टी दिली गेली. तिला 'कोक-सुट्टी'च म्हणत. एवढी पोरं रिकामी, मग करायचं काय? त्यांच्यासाठी स्की आणि बर्फातले खेळ आखले गेले. युद्ध संपलं, कोकही मिळू लागला, पण सुट्टी काही कोणी परत घेतली नाही. ती आता 'स्पोर्टलोव' म्हणून ओळखली जाते आणि सगळा देश एकाच वेळी डोंगरांकडे लोटू नये म्हणून वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या आठवड्यांत असते. मला विचाराल तर कोणत्याही निसर्गकवितेपेक्षा या कोकच्या टंचाईनं जास्त काम केलं.

लहान मुलांसाठी १९५७ मध्ये 'स्कूग्समुले' आला : जंगलात राहणारा, शेपटीवाला, भूर्जाच्या सालीची उंच टोपी घालणारा गडी. 'फ्रीलुफ्ट्सफ्रेमयांदेत'चा एखादा कार्यकर्ताच सोंग घेऊन झाडाआडून प्रकटतो आणि मुलांना कचरा टाकू नका, फांद्या मोडू नका असं सांगतो. १९८५ मध्ये स्टॉकहोमशेजारच्या लिडिंगो इथे याच विचारातून बालवाडी सुरू झाली, जिथे पाऊस असो वा बर्फ, मुलं दिवसाचा बराच वेळ बाहेरच.

आल्लेमान्सरेतच्या बाबतीत खटके अलीकडे उडतात ते पैशावरून. एकट्यादुकट्यानं बेरी तोडणं वेगळं आणि थायलंडहून हजारो मजूर आणून कंपन्यांसाठी तोडून घेणं वेगळं, असं जमीनमालक म्हणतात. नदीत राफ्टिंगचा धंदा करणाऱ्यांविरुद्धचा वाद तर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानं या हक्काच्या आधारे धंदा करायला सरसकट बंदी घातली नाही. पण त्या वापरामुळे मालकाचं नुकसान किंवा बराच त्रास होत असेल तर त्यानं तो मुकाट सोसण्याची गरज नाही, असं ठरवलं. त्रास नेमका किती झाला की 'बराच' म्हणायचा, यावर वाद अजून चालू आहेत.