कोणते जॉन्सन? लिंकननंतरचे की केनेडींनंतरचे?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या यादीत जॉन्सन दोनदा येतात: अँड्र्यू आणि लिंडन. दोघांचं काही नातं नाही, तरी गल्लत होते आणि ती होण्यासारखीच आहे. एकाचा जन्म १८०८चा, दुसऱ्याचा १९०८चा. दोघेही दक्षिणेतले, ओढाताणीत वाढलेले, डेमोक्रॅटिक पक्षातून वर आलेले. दोघेही आधी सिनेटर, मग उपाध्यक्ष. आणि दोघांनाही अध्यक्षपद मिळालं ते आधीच्या अध्यक्षाची हत्या झाल्यामुळे. एप्रिल १८६५मध्ये लिंकन गेले, नोव्हेंबर १९६३मध्ये केनेडी.

एवढंच नाही, दोघांपुढचा मोठा प्रश्नही एकच होता. कृष्णवर्णीय नागरिकाला कायद्याने बरोबरीचं स्थान द्यायचं की नाही? माझ्या मते दोघांना वेगळं ओळखायची खरी खूण इथे आहे. नागरी हक्कांचा कायदा समोर आला तेव्हा अँड्र्यू यांनी तो फेटाळला, लिंडन यांनी त्यावर सही केली.

अँड्र्यू कधी शाळेत गेले नाहीत. लहानपणी त्यांना एका शिंप्याकडे कामाला बांधून दिलं होतं. तिथून ते पळाले आणि पुढे टेनेसीतल्या ग्रीनव्हिल गावात स्वतःचं शिलाईचं दुकान थाटलं. ते लाकडी दुकान आजही आहे. त्याच्याभोवती विटांची इमारत उभारून ते आत जपलंय. जवळच त्यांचं राहतं घर. यादवी युद्धात सैनिकांनी त्याचा ताबा घेतला होता आणि त्यांनी भिंतींवर खरडलेला मजकूर अजून पाहायला मिळतो. त्या युद्धात देशातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सिनेटरांपैकी एकट्या अँड्र्यू यांनी आपली जागा सोडली नाही. त्या काळात, त्या मुलखातल्या माणसाने हे करायला मोठी हिंमत लागते आणि तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. म्हणूनच १८६४मध्ये रिपब्लिकन लिंकन यांच्या जोडीला या डेमोक्रॅटला उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली.

सत्ता हाती आल्यावर मात्र त्यांनी बंडखोरांना भराभर माफी दिली. जप्त केलेल्या जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या आणि त्यांवर नुकतीच वसलेली, गुलामीतून सुटलेली कुटुंबं उघड्यावर पडली. १८६६चा नागरी हक्क कायदा त्यांनी नकाराधिकार वापरून रोखला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केला. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीलाही त्यांचा विरोध होता. अखेर १८६८मध्ये युद्धमंत्री स्टँटन यांना काढण्यावरून महाभियोग झाला. सिनेटमध्ये ३५ मतं विरोधात, १९ बाजूने. पदावरून काढायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे आणखी एक मत विरोधात गेलं असतं तर पद गेलं असतं. स्वतःच्या नावावर अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी कधी लढवलीच नाही, कारण पक्षाने उमेदवारीच दिली नाही. १८७५मध्ये ते सिनेटवर परतले आणि त्याच वर्षी वारले. अलास्काची खरेदी त्यांच्याच काळातली, १८६७ची, ७२ लाख डॉलरची. पण तो व्यवहार परराष्ट्रमंत्री सुअर्ड यांनी घडवला.

लिंडन टेक्सासचे. स्टोनवॉलजवळच्या त्यांच्या शेतावरच्या घरातून इतका कारभार चाले की त्याला ‘टेक्सास व्हाइट हाउस’ म्हणत. जन्मघर पाडलं गेलं होतं. ते त्यांनी अध्यक्ष असताना पुन्हा बांधून घेतलं. मला मात्र या दोन्ही घरांपेक्षा कोटुला हे गाव महत्त्वाचं वाटतं. १९२८मध्ये तिथे ते मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवत. मार्च १९६५मध्ये मतदान हक्काच्या कायद्यासाठी काँग्रेसपुढे बोलताना त्यांनी त्या उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलांची आठवण काढली होती.

निवडणुकांत त्यांनी दोन्ही टोकं पाहिली. १९४८मध्ये सिनेटसाठी पक्षाची उमेदवारी अवघ्या ८७ मतांनी मिळाली आणि त्या मतांवर गैरप्रकाराचे आरोप झाले. १९६४मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ६१ टक्के मतं आणि अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची ४८६ मतं. रिपब्लिकन प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांना ५२. पण त्याच वर्षी जुलैत सही केलेल्या नागरी हक्क कायद्याची किंमतही दिसली: खोल दक्षिणेतली पाच राज्यं विरोधात गेली.

दोन्ही कायद्यांमधल्या शंभर वर्षांचा दोष एकट्या अँड्र्यू यांच्या माथी मारता येणार नाही. दक्षिणेच्या पुनर्रचनेचं काम सोडून दिलं गेलं ते १८७७मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. तरी पाया घालायच्या वेळी त्यांनी पाठ फिरवली आणि ती बाकी १९६४ व १९६५मध्ये लिंडन यांना फेडावी लागली, हे मला नाकारता येत नाही.

लिंडन यांच्या नावावरचा मोठा डाग व्हिएतनामचा. १९६८मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. ३१ मार्च १९६८ला त्यांनी पुन्हा उभं न राहण्याची घोषणा केली.

मराठी घरांशी थेट संबंध येतो तोही लिंडन यांचाच. ३ ऑक्टोबर १९६५ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी त्यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली आणि देशावार कोट्याची जुनी पद्धत गेली. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम शंभर जागा येत. पुढच्या काळात पुण्या-मुंबईचे जे डॉक्टर आणि इंजिनिअर तिकडे स्थायिक झाले, ते याच कायद्याने उघडलेल्या वाटेने.