पायदुखी, क्लीट-सायकलिंगमधील

सायकलच्या पायडलमध्ये बुटाचा तळ खटक्याने अडकवून सायकल चालवताना पावलात, मुख्यतः चवड्यात, होणारी आग, मुंग्या, बधिरता किंवा बुटात खडा असावा तशी टोचणी. बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेल्या प्लॅस्टिकच्या वा धातूच्या तुकड्याला क्लीट म्हणतात. तो पायडलच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या जबड्यात बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. वेदना बहुधा तास-दोन तासांनी सुरू होते, बूट सैल करून पाय टेकला की काही मिनिटांत उतरते आणि पुन्हा चालवू लागताच परतते. ‘तळपायाची आग मस्तकाला जाणे’ हा वाक्प्रचार मराठीत संतापासाठी आहे. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाऊन परत येणाऱ्या सायकलस्वाराला, म्हणजे सुमारे ११० किमी.च्या फेरीत, तो शब्दशः कळतो.

ही तक्रार विरळ नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील सुमारे ४०० सायकलस्वारांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिकांनी सायकल चालवताना पाय दुखत असल्याचे सांगितले. दुखण्याची जागा बहुतेकांच्या बाबतीत चवडा हीच होती आणि पाय पायडलला जखडणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. सवय झाली की दुखायचे थांबेल, हा नवख्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणूनच स्वीकारण्याजोगा नाही.

नाव व उगम : या पायडलांना इंग्रजीवरून ‘क्लिपलेस’ म्हणतात. पाय तर त्यांत ‘क्लिप’ होतो, मग हे नाव कसे, असा प्रश्न नव्या सायकलस्वाराला पडतोच. येथील ‘क्लिप’ म्हणजे टो-क्लिप, पायाची बोटे अडवणारा पत्र्याचा पिंजरा. त्याला चामड्याचा पट्टा असे आणि शर्यतीचे सायकलस्वार तो हाताने आवळत. तो पिंजरा नसलेले पायडल ते क्लिपलेस. कोल्हापुरात बोलताना हा शब्द क्वचितच येतो. ‘क्लीट लावली’, ‘पाय लॉक केला’, ‘पाय सुटला नाही’ असेच म्हणतात. प्रस्तुत नोंदीतही क्लीट हाच शब्द वापरला आहे.

शोधाचे श्रेय कोणाला द्यायचे याबाबत एकवाक्यता नाही. पाय वळवून अडकवण्या-सोडवण्याच्या पायडलाचे पेटंट अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ च्या सुमारास घेतले होते, म्हणून काही लेखक उगम तेथे धरतात. त्यानंतर जवळपास पाऊण शतक शर्यतीच्या जगात टो-क्लिपचेच राज्य राहिले. इटलीच्या चिनेल्ली कंपनीचे एम-७१ हे पायडल १९७१ च्या आसपासचे. त्यातून पाय सोडवायला वाकून हाताने खटका ओढावा लागे, त्यामुळे ते रुळले नाही. बर्फावरील स्कीच्या बांधण्या बनवणाऱ्या फ्रान्सच्या लूक कंपनीने तेच तत्त्व १९८४ मध्ये पायडलमध्ये आणले. १९८५ ची तूर द फ्रान्स ही शर्यत फ्रान्सचे सायकलपटू बेर्नार इनो यांनी हे पायडल वापरून जिंकली आणि टो-क्लिप मागे पडली. जपानच्या शिमानो कंपनीची दोन स्क्रूंची, तळात खोल बसणारी आणि चालायला सोयीची एस.पी.डी. पद्धत १९९० ची. केवळ पेटंटच्या तारखेला मान द्यायचा तर हॅन्सन पहिले. तथापि पायाच्या दुखण्याच्या दृष्टीने आरंभ १९८४ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण सर्वसामान्य सायकलस्वाराचा पाय तासन्‌तास एकाच बिंदूवर खिळून राहू लागला तो तेव्हापासून. टो-क्लिपचा पट्टाही पाय आवळीत असे, पण तो सैल करून पाऊल थोडे मागेपुढे घेता येई.

लूकची आरंभीची क्लीट पूर्ण जखडणारी होती. त्यामुळे गुडघे दुखू लागल्यावर क्लीटला डावी-उजवीकडे किंचित वळण्याची मुभा, म्हणजे ‘फ्लोट’, देण्यात आली. आज शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये लाल रंगाला शून्य, निळ्याला २ आणि पिवळ्याला ६ अंश फ्लोट असतो. लूकच्या किओ या क्लीटमध्ये काळ्याला शून्य, करड्याला ४.५ आणि लालला ९ अंश. एकाची लाल क्लीट घट्ट आणि दुसऱ्याची लाल सर्वांत मोकळी, ही गोष्ट खरेदी करताना ध्यानात ठेवावी. फ्लोटने गुडघ्याला आराम मिळतो. चवड्यावरचा दाब मात्र जागच्या जागीच राहतो.

शरीररचना व ‘मॉर्टन’चा घोळ : चवड्यामागे पाच लांब हाडे असतात, त्यांना प्रपदास्थी म्हणतात. त्यांची पुढची टोके गाठीसारखी असून पायडलवरचा भार प्रामुख्याने त्यांवर येतो. दोन-दोन हाडांच्या मधून बोटांकडे तंत्रिका (मज्जातंतू) जातात. हाडांना एकत्र बांधणारा आडवा अस्थिबंध या तंत्रिकांच्या वरून जातो. बूट अरुंद असला की हाडे जवळ येतात, तळाकडून पायडलचा रेटा येतो आणि तंत्रिका हाडे, अस्थिबंध व तळवा यांच्यात दाबली जाते. हा त्रास बहुधा तिसऱ्या व चौथ्या प्रपदास्थींमध्ये होतो आणि कळ त्या दोन बोटांत जाते. दीर्घकाळ असे चालल्यास तंत्रिकेभोवती तंतुमय जाडी येते. तिला मॉर्टनचा न्यूरोमा म्हणतात. ‘न्यूरोमा’ या शब्दाने गाठीची धास्ती वाटते, परंतु हे अर्बुद (ट्यूमर) नव्हे.

या नावाविषयी संदर्भग्रंथांतही गफलत आढळते. थॉमस जॉर्ज मॉर्टन हे फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक. त्यांचा लेख १८७६ चा. मात्र त्यांनी दुखण्याचे मूळ सांध्यात मानले होते. त्याआधी १८४५ मध्ये लंडनचे पादचिकित्सक लुईस डर्लाकर यांनी हेच दुखणे वर्णिले होते, आणि त्याहीपूर्वी, १८३५ च्या सुमारास, इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप्पो चिव्हिनीनी यांनी तंत्रिकेवरील जाडी नोंदवली होती. लक्षण व कारण यांची सांगड १९४० मध्ये ऑस्ट्रेलियात बेट्स यांनी घातली. त्यामुळे चिव्हिनीनींचे नाव जोडणारे इटालियन लेखक अगदीच चूक म्हणता येत नाहीत. याखेरीज ‘मॉर्टनचे बोट’ ही संज्ञा आहे. पहिली प्रपदास्थी आखूड असल्याने अंगठ्याशेजारचे बोट पुढे आलेले दिसते, त्याला ती लावतात. ती डडली मॉर्टन या निराळ्या अमेरिकी वैद्यांच्या १९२० च्या दशकातील लेखनावरून आली. दोन मॉर्टन एक समजून ‘अंगठ्यापेक्षा बोट लांब म्हणजे न्यूरोमा होणारच’ असे सांगितले जाते, त्याला आधार नाही. आखूड पहिल्या हाडामुळे भार दुसऱ्या हाडाच्या टोकाकडे सरकतो, एवढे मात्र मान्य आहे, आणि क्लीट बसवताना ते उपयोगी पडते.

कोल्हापुरातील पाय : सायकलला किटल्या अडकवून शहरात रतीब घालणारा गवळी किंवा उद्यमनगरात कामावर जाणारा कामगार पायतण घालूनच पायडल मारी. सपाटीला चवडा, चढाला पावलाचा मध्य, दमल्यावर टाच, असे त्याचे पाऊल पायडलवर फिरत राही आणि त्याला ते जाणवतही नसे. क्लीटने ही फिरती थांबवली. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला ४,८०० आणि गगनबावड्याच्या पाच तासांच्या फेरीत न थांबल्यास २४,००० वेळा प्रत्येक पायाच्या त्याच चवड्यावर तोच बिंदू दाबला जातो. दुखण्याचे मूळ या आकड्यात आहे.

दुसरी गोष्ट रुंदीची. कोल्हापुरी चप्पल पाऊल अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली धरते, बोटे मोकळी सोडते. भारतात केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्यांची पावले बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळली. चपलेत वाढलेले पाऊल त्याच बाजूला झुकत असावे, असे मानायला जागा आहे. सायकलचे बूट मात्र बहुतांशी अरुंद युरोपीय फर्म्यावर बेतलेले. बूट घट्ट हवा या समजुतीने लांबीला बरोबर पण रुंदीला तोकडा बूट घेतला जातो. त्यात मार्च-एप्रिलच्या उन्हात पाय सुजतो. कोल्हापुरातील तक्रारींचे मोठे कारण सोलपेक्षा, पायडलपेक्षा, ही रुंदीच होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रुंदी तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे बुटातला आतला सोल काढून जमिनीवर ठेवणे आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहणे. करंगळीची बाजू सोलच्या कडेबाहेर ओघळली तर तो बूट कितीही महाग असला तरी घेऊ नये. मोजमाप संध्याकाळी, सायकलचे मोजे घालून, दोन्ही पायांचे करावे. चपलेचा नंबर इथे चालत नाही, कारण चपलेत टाच जराशी मागे राहिली तरी खपते. शिमानो, लेक, बॉन्ट यांच्या काही नमुन्यांत रुंद फर्म्याचे बूट मिळतात. पट्ट्यांपैकी बोटांजवळचा जवळपास सैलच ठेवावा, पकड घोट्याजवळच्या पट्ट्याने घ्यावी. वरचा पट्टाही फार आवळला तर पावलाच्या पाठीवरची तंत्रिका दबून बोटे बधिर होतात, आणि दोष उगाच क्लीटवर येतो.

क्लीटची जागा : जुना नियम असा की अंगठ्यामागच्या गाठीखाली बरोबर पायडलचा दांडा यावा. जोरकस धावांसाठी तो सोयीचा असेल, पण लांब पल्ल्यासाठी क्लीट त्याहून टाचेकडे हवी, असा कल आता वाढला आहे. काहीजण ती थेट कमानीखाली नेतात. ते टोक गाठण्याची गरज क्वचितच पडते.

जागा ठरवायला घरातल्या दोन टिकल्या पुरतात. बूट घालून, पट्टे लावून उभे राहावे. आतल्या बाजूने बोट फिरवत गेले की अंगठ्यामागे टणक गाठ लागते; तेथे बुटावर एक टिकली. बाहेरच्या बाजूला करंगळीमागची गाठ त्याहून दीड-दोन सेंमी. मागे सापडते, तेथे दुसरी. मग सायकल भिंतीला टेकवून बूट पायडलमध्ये अडकवावा, क्रँक, म्हणजे पायडलचा हात, पुढे आडवी करावी आणि खाली बसून पाहावे. पायडलच्या दांड्याची रेघ दोन्ही टिकल्यांच्या मधोमध यायला हवी. आग होत असेल तर आणखी ५ मिमी. मागे. क्लीट मागे गेली की पायाची पोच किंचित कमी होते, म्हणून सीट दोन-तीन मिमी. खाली घ्यावी लागते. पुढे राहिलेल्या क्लीटने चवड्याबरोबर पोटरी आणि टाचेमागची कंडराही ताणली जाते, तोही त्रास याने हलका होतो. एका वेळी एकच बदल करावा आणि वाघबीळमार्गे पन्हाळ्याची एक फेरी मारून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

सोल व आधार : कार्बनचा ताठ सोल भार पसरवतो म्हणून आग कमी होते, असे विक्रेते व बरेच जाणकार म्हणतात. २००३ मधील एका प्रयोगात मात्र उलट दिसले : प्लॅस्टिक सोलमध्ये तळव्यावरचा कमाल दाब सुमारे १०३ किलोपास्कल, तर कार्बनमध्ये १२१, म्हणजे १८ टक्के अधिक. दोन्ही मतांत तथ्य असावे. मऊ सोलमधून छोट्या, दोन स्क्रूंच्या क्लीटची कड पायाला जाणवते, हे खरे. पण ताठ सोल पावलाच्या आकाराशी जुळत नसेल तर उंच गाठीवरच भार साठतो. म्हणून आधी रुंदी, मग आतला सोल, आणि शेवटी कार्बनचा विचार, हा क्रम बरा.

आतल्या सोलला कमानीचा आधार हवाच. त्यावर चवड्याची चकती लावल्यास हाडे थोडी पसरतात. ही चकती गाठींच्या मागे बसवायची असते, खाली नव्हे. प्रस्तुत लेखकाने सुभाषनगरातील चप्पल कारागिराकडून थेंबाच्या आकाराची चामड्याची चकती करून घेतली होती. कारागिराने रापीने कडा इतक्या पातळ उतरवल्या की बोटाला सुरुवात लागेना. पहिल्यांदा ती सेंटिमीटरभर पुढे चिकटवली गेली, आणि जोतिबाच्या चढाला केर्ली फाट्यापासूनच आग दुप्पट झाली. मागे सरकवल्यावर तोच चढ निभावला. चढावर जड गिअर रेटण्याने दाब वाढतो, हेही तेथेच ध्यानात येते; हलका गिअर आणि जलद फेरे पायाला मानवतात.

पावलाचा कल सुधारण्यासाठी क्लीटखाली वा बुटात पाचरी घालतात. बुटातील पाचर आधीच तोकडी असलेली जागा आणखी खाते, तेव्हा रुंदीची खात्री झाल्यावरच ती वापरावी.

सायकल सोडल्यावरही दुखत राहिले, चपलेत चालताना बोटांत झिणझिण्या आल्या किंवा बधिरता दुसऱ्या दिवशीही टिकली, तर अस्थितज्ज्ञाला दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी बधिरता कधीही बुटावर ढकलू नये.

झीज : क्लीट झिजली की पाऊल पायडलवर डुगडुगते आणि चवडा नकळत आवळला जातो. पावसाळ्यात पन्हाळ्याकडची जांभ्याची तांबडी माती आणि गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल ही झीज वाढवतात. थांबा घेताना क्लीट दगडावर घासण्याऐवजी काडीने साफ करावी. नवी बसवण्यापूर्वी जुनीच्या कडेने सोलवर पेनाने रेघ मारून घ्यावी, म्हणजे महत्प्रयासाने सापडलेली जागा हरवत नाही. स्क्रूंना ५ ते ६ न्यूटन-मीटर आवळ पुरतो. पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा एकदा आवळून पाहावेत.