मुठीतला एकर

एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी उरकली की नाशिककडच्या निफाड-दिंडोरीच्या रस्त्यांवर संध्याकाळी धुराचा वास येतो. बांधावर काड्यांचे ढीग पेटलेले असतात. काही बागायतदार आता काड्यांचा भुगा करून ओळींत पसरतात, ते उत्तमच. पण पेटणारे ढीगही पुष्कळ आहेत. तो धूर पाहून मला दर वेळी हळहळ वाटते. तीच काडी जरा वेगळ्या रीतीने जाळली तर तिचा बायोचार होतो, आणि तो शेतीच्या पाण्यातला काही घातक भाग धरून ठेवतो. काही, सगळा नव्हे. कोणता धरतो आणि कोणता सोडून देतो, ते नीट कळलं तरच त्याचा उपयोग आहे.

लाकूड मोकळ्या हवेत जळलं की त्यातला कार्बन वायू होऊन उडून जातो आणि हाती चिमूटभर राख लागते. हवा तोडून तेच लाकूड 350 ते 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं तर वायू आणि डांबर निघून जातात, कार्बनचा सांगाडा मागे राहतो. वेलीचा रस ज्या नळ्यांतून चढत होता त्या नळ्या तशाच असतात, आणि त्यांच्या भिंतींना डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडलेली असतात. चांगल्या बायोचारच्या एका ग्रॅममध्ये या सगळ्या भिंतींचं क्षेत्रफळ 200 चौरस मीटरच्या घरात जातं. आपल्या मापात सांगायचं तर दोन गुंठे. वीस ग्रॅम, म्हणजे मूठभर कोळसा घेतला, की चाळीस गुंठे झाले. मुठीत एक एकर!

या एकरावर पाण्यातले रेणू येऊन चिकटतात. विज्ञानात याला अधिशोषण म्हणतात. फडकं पाणी पितं ते शोषण; इथे रेणू आत मुरत नाही, पृष्ठभागाला धरून बसतो. वाळू, कोळसा आणि मडकी यांची जुनी गाळणी याच तत्त्वावर चालायची.

आता द्राक्षाच्या बागेत या. डावणी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, आली की बोर्डो मारायचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण 1885 च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी पुढे आणलं, आणि ते अजून टिकून आहे. पण मोरचुदातलं तांबं कुजत नाही, विरत नाही. पानावरून मातीत जातं, मातीबरोबर वाहून ओहोळात आणि शेततळ्यात उतरतं. पाण्यात तांब्याचा आयन धनभारित असतो. मध्यम आचेवर, साधारण 350 ते 450 अंशांवर केलेल्या बायोचारच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट शिल्लक असतात आणि त्यांचा भार ऋण असतो. दोघांची गाठ पडली की तांबं अडकतं. शिसं आणि कॅडमियमही असेच अडकतात. अनेक कीडनाशकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या रेणूत चपटी कार्बनची कडी असतात, आणि 600 अंशांच्या वर तापलेल्या कोळशातही तशाच कड्यांचे थर असतात. पत्त्यावर पत्ता बसावा तसा रेणू थरावर बसतो. म्हणून ‘बायोचार’ एवढं एकच नाव सांगून भागत नाही. किती आचेवर केला, हे आधी विचारावं लागतं.

हाच ऋणभार नायट्रेटच्या बाबतीत आड येतो. युरियातून विहिरीत उतरणारं नायट्रेट स्वतः ऋणभारित असतं, साधा बायोचार त्याला जवळ येऊ देत नाही. पाण्याची क्षारताही त्याने उतरत नाही. खारट पाणी कोळशातून गाळलं तरी खारटच राहतं. ‘बायोचारने पाणी गोड होतं’ असं कुणी विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

रोगजंतूंचं काय? नाशिक शहराच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठाने मेथी-कोथिंबीर घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न मोठा आहे, कारण पालेभाजीच्या पानावरच पाणी पडतं. बारीक बायोचार आणि वाळूच्या थरातून पाणी सावकाश सोडलं तर जिवाणूंची संख्या बरीच घटते. पण घटणं म्हणजे संपणं नव्हे. भाजी शेवटी स्वच्छ पाण्यानेच धुवायला हवी.

आणि मग येतो हिशेब, ज्यावर अशा योजना अडतात. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये 160 लिटर बायोचार भरला तर कणांमधली मोकळी जागा अंदाजे 80 लिटर. रेणू चिकटायला वेळ लागतो. पाण्याला अर्धा तास दिला तर तासाला 160 लिटर, दिवस-रात्र मिळून पावणेचार हजारांच्या आसपास पाणी निघेल. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजेच चार हजार लिटर. उन्हाळ्यात बागेला दिवसाला तीन-चार मिलिमीटर लागलं तर एकरी चार ड्रम हवेत, आणि त्यातला कोळसा ठरावीक काळाने बदलायचा. अख्ख्या बागेचं पाणी असं गाळावं, असं मी तरी म्हणणार नाही.

मग कुठे? माझ्या मते सगळ्यात आधी ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचं यंत्र, धुतल्यानंतरच्या पाण्यासाठी. शंभर-दोनशे लिटरच असतं, पण औषधांनी भरलेलं, आणि सर्रास विहिरीच्या कडेला सोडलं जातं. 2010 मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून मण्यावरच्या अंशाबाबत आपण जास्त सावध झालो. धुवणाच्या पाण्याकडे मात्र अजून तेवढं लक्ष नाही. त्यानंतर रोपवाटिका आणि पालेभाजीचे छोटे वाफे. ठिबकला जोडायचं असेल तर ड्रमच्या तळाशी वाळूचा थर आणि पुढे जाळीचा फिल्टर हवाच, नाहीतर काळी पूड ड्रिपर बुजवते.

बनवायला मोठी भट्टी लागत नाही. तळाला निमुळता खड्डा खणायचा, खाली थोड्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या. वरच्या काड्यांवर पांढुरकी राख दिसू लागली की लगेच पुढचा थर टाकायचा. वरची ज्वाळा हवा खाऊन टाकते, खालच्या कोळशाला ती मिळत नाही. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवायचा. काडी ओली असेल तर धूर होतो आणि डांबर कोळशातच राहतं. असा कोळसा पाणी साफ करण्याऐवजी घाण करतो. बोटांवरची काजळी नुसत्या पाण्याने गेली तर कोळसा बरा, साबण लागला तर डांबर उरलंय असं समजावं. वापरण्याआधी दोन-तीनदा धुवावा, कारण राखेमुळे पहिलं पाणी अल्कधर्मी निघतं आणि आपली काळी जमीन आधीच त्या बाजूला झुकलेली आहे.

चांदोरी-सायखेड्याला नदीत अडकणाऱ्या पाणवेलींचाही, म्हणजे जलपर्णीचाही, बायोचार होतो. पण ती वनस्पती नदीतले जड धातू स्वतःत साठवते, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. वाळवण्यातच जीव जातो. द्राक्षाची काडी, मक्याची दाणे काढलेली कणसं, तुरीच्या तुराट्या हाताशी असताना तिच्या मागे लागू नये.

वापरून झालेला कोळसा बागेत टाकायचा मोह होतो. ब्लोअरच्या पाण्याचा असेल तर अजिबात टाकू नका; पकडलेलं तांबं आणि औषध पुन्हा मातीतच जाईल. तो वेगळ्या, झाकलेल्या पिंपात ठेवावा. कोळसा भरला की नाही, याची ढोबळ कल्पना घरीही येते. माशांच्या टाकीची औषधं विकणाऱ्यांकडे मेथिलीन ब्लू मिळतं. ग्लासभर पाण्यात त्याचा थेंब टाकायचा, ड्रमच्या वरच्या थरातला चमचाभर कोळसा घालून चांगलं हलवायचं आणि तासाभराने बघायचं. ताजा कोळसा निळं पाणी फिकं करतो. दुसऱ्या ग्लासात ताजा घालून शेजारी ठेवला तर फरक लगेच दिसतो. वरचा थर भरला असेल तर तळाचाही असाच पाहायचा. तिथेही पाणी निळंच राहिलं, तर ड्रम रिकामा करायची वेळ झाली.